मेंढ्या आल्या की

४ मे ९६

तिसरा दिवस. पोर अजून चपला सोडत नाही. आंघोळीपुरत्या काढल्या, तेवढ्याच. झोपताना उशाशी ठेवते, पुढची टोकं दाराकडे करून. वि. म्हणाला, "राहू दे गं. पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटत असेल तिला." अठरा वर्षं या घरात आम्ही दोघंच. आज त्याने रेडिओच्या बातम्या पहिल्यांदाच हळू आवाजात लावल्या.

नाव ओवी ठेवलं. संस्थेच्या फायलीत 'बानू, वय अंदाजे चार' आहे. वि.ला बानू चालत होतं. हट्ट माझा.

दत्तकाचा कोर्टाचा आदेश व्हायचाय. तोवर नुसती 'सांभाळण्यासाठी' दिली आहे. संस्थेने पोहोच लिहून घेतली. एक बालिका, दोन फ्रॉक, एक स्वेटर मिळाले. खाली माझी सही.

७ मे

उभ्यानेच जेवते. भाकरी हातावर. ताट दिलं तर ताट घेऊन दाराशी जाते. विचारलं, का गं, इथे बैस की.

"मेंढ्या आल्या की आय येणार हाय."

काय वाक्य आहे! कुठून सुचतं मुलांना. लगेच वहीत उतरवून घेतलं. यातून गोष्ट होईल.

संस्थेच्या अधीक्षकबाईंना फोन केला. म्हणाल्या, "मॅडम, ती डिसेंबरात आली तेव्हापासून हेच चालू आहे. फायलीत नोंद आहे तशी. महिनाभरात विसरेल बघा."

१३ मे

पोटावर दोन काळ्या खुणा आहेत तिच्या, बेंबीच्या उजवीकडे, एकाखाली एक. कुणीतरी बिब्बा घातलेला. रोज खोबरेल लावते. जाणार नाहीत त्या. वि. म्हणाला, "जायला कशाला हव्यात?"

डाव्या घोट्याभोवती एक फिकट पट्टा आहे. सरूमावशी आली होती तिला बघायला. संस्थेत पाच महिने या पोरीचं न्हाऊमाखू हिनेच केलं. ती म्हणाली, काळ्या लोकरीचा दोरा होता तिथे, आल्या दिवशीच कापून टाकला.

"का?"

"साऱ्यांचंच कापत्यात, ताई. क्यास, नखं, दोरं. सोच्छ."

जाताना ओवीच्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. मला म्हणाली, "तुमच्या अंगाला अजून पोरीचा वास न्हाई लागला. लागंल."

२२ मे

गोष्ट झाली. एका बैठकीत. शेवटी मुलगी दारात बसून आहे, मेंढ्या येत नाहीत. वि.ला वाचून दाखवली तर त्याने चष्मा काढून पुसला. दिवाळी अंकासाठी पाठवून दिली.

दोन शेंड्या बांधता येतील इतके केस वाढलेत. बांधायचं काम वि.ने घेतलंय. एक शेंडी वर, एक खाली. आज त्याला 'ओ दादा' म्हणाली. ऑफिसात सगळ्यांना सांगून आला.

मला अजून काही म्हणत नाही. पदर ओढते.

१५ जून

सकाळीच सरूमावशी. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभी. ओवी मागच्या अंगणात खेळत होती.

"ताई, एक धनगरीन आलीया. तीन दिस झालं, गेटापशी बसून हाय. बानूला मागती."

"कोण बानू?" असं म्हणाले मी. खरंच असं म्हणाले.

सरूमावशीने मान मागच्या अंगणाकडे वळवली.

"अधीक्षकबाई काय म्हणाल्या?"

"जन्माचा दाखला आन म्हनल्या. रेशनकार्डावर पोरीचं नाव दाखीव म्हनल्या. ती काय दाखवनार? मेंढरामागं फिरनारी बाई." आणि मग, पदराने तोंड पुसत, "तुमाला सांगू नको म्हनल्यात. म्हून तर आले."

१६ जून

गेले नाही. दिवसभर तांदूळ निवडले. निवडलेलेच.

१७ जून

गेले.

गेटासमोर कडुलिंब आहे, त्याच्या बुंध्याला टेकून. तिशीची असेल. चाळिशीचीही असेल. उन्हाने सांगता येत नाही. खांद्यावर घोंगडी, पायांत टायरच्या वहाणा. मी शेजारी जाऊन बसले. काय बोलायचं ठरवून गेले नव्हते.

तिनेच विचारलं, "तुमचं बी कोन हाय का आत?"

"नाही."

नाव ठकूबाई. बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते. नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीचं करीन.

"दर साली दिवाळीच्या आत मेंढ्या घिऊन घाट उतरतो आमी, कोकनात. जेठात माघारी. जाता-येता टाकळीच्या म्होरं एका म्हातारीच्या रानात आमचा वाडा बसतो, मानसं-मेंढरं समदी. मेंढ्या तिच्या रानात बसत्यात, तिला खत हुतं, आमाला ती दानं देती. माझ्या सासूच्या टायमापासनं हाय हे. एक साली लंगडी मेंढी ठिवली हुती तिच्यापशी. जेठात आलो तर कोकरासकट दिली तिनं. आवंदा जाताना पोरगी गोवरानं फुलली. घाटात गारठा लई. म्हातारी म्हनली, ठिव हितं, जेठात न्हे. पायाला दोरा बांधला न् ठिवली. आता आलो तर म्हातारी न्हाई. थंडीतच गेली. तिचा ल्योक म्हनतो, मला काय ठावं कुनाची पोर, म्या पोलिसात दिली."

मग गेटाकडे बघत, "म्या टाकली न्हाई वो, बाई. ठिवली हुती. आतल्या बाईला येवढंच सांगत्ये पाच दिस. ती म्हनती, कागदावर टाकलेली लिवलंय."

मी विचारलं, एवढ्या पोरांत ओळखणार कशी? विचारायला नको होतं.

"हजार मेंढरांत आपलं वळखतंय की मानूस. कागद लागत न्हाई. पोटावर बिब्ब्याच्या दोन खुना हायेत, बेंबीच्या उजव्या अंगाला. सासऱ्यानं घातल्या. पोटात दुखायचं तिच्या."

सकाळीच खोबरेल लावून निघाले होते मी. बोटांना वास होता.

पिशवीत डबा होता, तो दिला. दोन पोळ्या. एक खाल्ली. दुसरी पदराच्या टोकाला बांधली. "बानूला पोळी लई गोड लागती. आमच्यात काय, भाकरीच."

आज निघणार म्हणाली. भाळवणीच्या आत गाव आहे, पाऊसभर सगळे तिथेच. "दसऱ्यापत्तोर हाय मी. दसरा झाला की मेंढ्या हालत्यात."

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, तिने मला नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते

१८ जून

वि.ला सांगितलं.

"तू कोण ते बोललीस?"

"नाही."

"सुटलो." म्हणाला आणि उठून ओवीच्या तीनचाकीला तेल घालत बसला. ती कुरकुरत नव्हती.

मग तिकडूनच, पाठमोरा, "पेपरात जाहिरात दिली होती ना? फोटोसकट? मुदत दिली होती ना? कुणी आलं नाही. आपण चोरी केली का?"

जाहिरात जानेवारीतली. जानेवारीत ठकूबाई घाटाखाली कुठल्या तरी माळावर. पेपर तिथे जात नाही, गेला तर तिला वाचता येत नाही. फोटोत पोरीचं डोकं भादरलेलं. ही मुदत ज्याने कुणी ठरवली त्याने मेंढ्या पाळलेल्या नसाव्यात. त्याला कळत होतं सगळं.

"बारा जुलैला काम होईल म्हणालेत वकील. तोवर गप्प राहा. नंतर बघू."

नंतर काय बघणार, ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२६ जून

संस्थेत गेले. अधीक्षकबाईंनी चहा मागवला. वाईट बाई नाही ती. चाळीस पोरांचा ताप, उवा, खरूज, सगळं एकटीच्या अंगावर.

"सरूनं सांगितलं वाटतं. तिच्या तोंडाला कुलूप नाही. मॅडम, हे बघा, आज एक आली. मी कागदाशिवाय मूल दिलं आणि उद्या दुसरी आली, म्हणाली माझं, तर मी कुणाला धरू? आणि मूल तुमच्याकडे सुखात आहे. कुणाचं नुकसान झालं?"

"तिचं."

"तुम्ही लिहिणाऱ्या. तुम्हाला सगळ्यांचंच खरं वाटतं."

फाईल बघू का म्हटलं. बघू दिली. पहिल्याच पानावर, 'मेंढ्या आल्यावर आई येईल असे म्हणते. मूल असंबद्ध बोलते.'

यायच्या वाटेवर डोक्यात तेच. त्यांनी असंबद्ध म्हणून सोडून दिलं, मी सुंदर म्हणून. पोर सरळ पत्ता सांगत होती. दोघींतल्या एकीनेही विचारलं नाही, कुणाच्या मेंढ्या, कुठून येतात, कधी.

मी तर वर त्याची गोष्ट केली.

१२ जुलै

कोर्ट. साहेबांनी आत बोलावलं. चांगले होते. ओवीला बिस्कीट दिलं.

"हे कोण तुझे?"

"दादा." वि.ची बाही धरून.

"आणि ह्या?"

विचार करत राहिली. खूप वेळ. सगळे हसले. "लाजतेय, साहेब," वकील म्हणाले.

लाजत नव्हती.

प्रतिज्ञापत्रावर सही. 'सदर बालिकेवर अन्य कोणाचाही हक्क अथवा दावा असल्याचे आमच्या माहितीत नाही.' वि.ने सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. अक्षर माझं नेहमीच चांगलं. आजही चांगलं आलं.

पेढे घेतले. सरूमावशीला द्यायला म्हणून वेगळा पुडा बांधून घेतला, तो पिशवीतच राहिला.

२३ जुलै

बालवाडी सुरू. पहिल्या दिवशी रडली नाही. बाईंना म्हणाली, "मला हितं ठिवून जानार हायेत का?" बाई हसून मला सांगत होत्या. "बोली फार गावठी आहे हं, घरी थोडं लक्ष द्या."

लक्ष देते. हाय नाही, आहे. हितं नाही, इथे. पटकन उचलते. हुशार आहे.

आज न्यायला गेले तर बाई म्हणाल्या, "ती बघ आई आली." घरी येईपर्यंत तीनदा म्हणून बघितलं तिने. आई. आई. आई. नवीन चपला घालून चालून बघावं तसं.

अठरा वर्षं या हाकेसाठी थांबले होते. आली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून दुसऱ्याच बाईचा विचार करत होते.

१९ ऑगस्ट

गल्लीत घोंगडीवाला आला. ओवी आतून धावत गेली. त्याने पायरीवर घोंगड्या पसरल्या होत्या. तिने एकीत तोंड खुपसलं आणि तशीच पडून राहिली. घोंगडीवाला हसला, "अगं ए, पोरी, इकत घ्यायचीया का वास घ्यायचाय नुसता?"

"ओवी, ऊठ," म्हटलं.

"आय," ती म्हणाली. घोंगडीत.

"काय गं?"

मला नव्हती ती हाक.

एक घेतली. वि. आल्यावर म्हणाला, "ही कशाला? टोचते." ओवी तिच्यावरच झोपली. महिनाभरात ते मेंढ्यांचं वाक्य एकदाही बोलली नव्हती. विसरली असं मी मनात धरून चालले होते. अधीक्षकबाई म्हणाल्या तसं.

८ सप्टेंबर

सरूमावशी. या वेळी आत आली, ओट्याशी खाली बसली. ठकूबाई परत आली होती म्हणे. कागद घेऊन. वाड्यातल्या साऱ्यांचे अंगठे त्यावर, गावच्या सरपंचाची सही. अधीक्षकबाईंनी सांगितलं की कोर्टाचा निकाल झाला, मूल चांगल्या घरी दिलं, कुठे ते सांगता येत नाही.

"मग? रडली?"

"न्हाई. म्हनली, जित्ती हाय न्हवं? खात्यापित्या घरी हाय न्हवं? मंग म्हनली, येवढं तरी द्या तिला. बाईंनी न्हाई घेतलं. म्या घेतलं."

काळ्या लोकरीचा दोरा. नवा वळलेला. मध्ये एक घुंगरू.

"म्या तुमचं नाव न्हाई सांगितलं, ताई. तुमचं मीठ खाल्लंय. पर तिचं बी डोळं बघितल्यात म्या. आता हे तुमच्या हातात दिलं, मी मोकळी." उठताना गुडघ्यावर हात देत म्हणाली, "दसऱ्याला मेंढ्या हालनार हायेत. तुमाला ठावंच आसंल. तुमी लिवून घेतलं आसंल."

दोरा साड्यांच्या कपाटात ठेवला. वाजू नये म्हणून रुमालात गुंडाळून.

३ ऑक्टोबर

वि.शी बोलले. जाऊ या म्हटलं, भाळवणीला. नुसतं दाखवून आणू.

"दाखवून? काय दाखवून? पोर काय साडी आहे का दुकानातली?"

"मग काय करायचं?"

"मला काय विचारतेस? तुला द्यायची आहे का परत? सांग. हो म्हण. हो म्हण ना."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. तो बाहेर जाऊन व्हरांड्यात बसला. ओवी त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याचं नाक ओढलं. "दादा, तुझं नाक गळतंय." त्याने तिला घट्ट धरलं. इतकं घट्ट की ती ओरडली.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. शेंड्या आता दोन्ही सारख्या येतात त्याला.

११ ऑक्टोबर

आज जायचं होतं. ओवीला जरा कणकण. नव्याण्णव. नव्याण्णव म्हणजे काही ताप नाही. राहिलं.

१५ ऑक्टोबर

कपाट आवरलं. रुमाल तसाच आहे. उद्या.

१७ ऑक्टोबर

दसरा म्हणजे अगदी दसऱ्याच्याच दिवशी निघतात असं नसेल. चार दिवस मागेपुढे होत असतील.

स्वतःलाच लिहून पटवते आहे.

२४ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. आज गेलो. वि.ने न विचारता रजा टाकली. माळीवाड्याच्या स्टँडवर पोचले तर तिघांची तिकिटं काढायला रांगेत तोच उभा. भाळवणीला उतरून आत चालत. ओवी त्याच्या खांद्यावर. निम्म्या वाटेवर तिने खाली सोड म्हटलं आणि पुढे चालायला लागली. आम्ही मागे. रस्ता तिला विचारावा लागला नाही.

पाच-सहा घरं. बहुतेक बंद. लेंड्या अजून ओलसर. एका ओसरीवर म्हातारा, एक पाय लांब सोडून बसलेला. ठकूबाईचा सासरा.

त्याने आम्हाला नंतर बघितलं. तिला आधी.

"आली व्हय, बानू? गूळ हाय बग गाडग्यात."

शेजारच्या रानातून आल्यासारखं. ती आत गेली, उतरंडीतलं नेमकं गाडगं खाली घेतलं, गूळ काढला. मग रांजणातलं पाणी उभ्याने प्यायली. वर्ष झालं होतं. चार वर्षांची पोर. तिला सगळं कुठे असतं ते माहीत होतं.

वि. उभाच. मी विचारलं, ठकूबाई?

"परवा हालल्या मेंढ्या. ठकी म्हनत हुती, दोन दिस थांबू. कुनी येतंय का बगू. दोन दिस थांबलं समदी. मंग? वाडा न्हाई थांबत एकीसाठी. मेंढरांनी खायचं काय?"

दोन दिवस थांबले होते.

म्हणजे कणकण नव्याण्णव. कपाट. उद्या.

वि.ने विचारलं, आता कुठे असतील? म्हाताऱ्याने पश्चिमेकडे हात केला. "टाकळीच्या अलीकडंच. मेंढरं काय मोटार हाय व्हय. आज गाठायच्या तर गाठताल. न्हाईतर ठिवा पोरीला हितं. म्या हाय, शेजार हाय. जेठात ठकी येईलच."

"आठ महिने?" वि. म्हणाला. "आजोबा, तुम्ही एकटे. तिची शाळा आहे. आजारी पडली तर..."

"तिनं न्हाई ठिवली? आजारी हुती म्हूनच ठिवली की." म्हातारा रागावला नव्हता. जरा हसलाच. "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला ठिवायचं भ्या वाटतंय. बरं. मंग न्या. जेठात आना म्हंजी झालं."

झालं. एवढंच. नाव विचारलं नाही, पत्ता नाही, काही लिहून घेतलं नाही. आम्ही दोघं पोहोच देऊन, सह्या करून, कोर्टात शपथ घेऊन पोर आणलेली माणसं. त्याने शब्दावर दिली. घागर न्यावी तशी न्या म्हणाला.

मी पिशवीतून रुमाल काढला. दोरा म्हाताऱ्याच्या हातात दिला, मला बांधवेना. त्याने बांधला. ओवी पाय पुढे करून उभी. जुना पट्टा होता तिथेच बसला.

"तुमी कोन हिच्या?" जाताना त्याने मला विचारलं. आता विचारलं.

मी म्हटलं, "सांभाळते."

फाट्यावर आलो. टाकळीवरून कल्याणकडे जाणारी गाडी रस्त्याच्या पलीकडे थांबते, आपली नगरची अलीकडे. आम्ही अलीकडे उभे राहिलो. दोघंही. कल्याणची आली, दोन बायका उतरल्या, गेली. रिकामी होती. टाकळी तिथून तासाभरावरही नाही.

मग नगरची आली.

"आधी हीच मिळाली," घरी आल्यावर वि. म्हणाला. मी मान हलवली.

२५ ऑक्टोबर

दिवाळी अंक आला. सोबत संपादकांचं पत्र. गोष्टीचा शेवट काळजाला भिडला म्हणतात. 'मेंढ्या कधीच येणार नाहीत हे वाचकाला कळते आणि त्या मुलीला कळत नाही, यात सारे आले.'

उलटं आहे. तिला कळत होतं.

अंक वि.च्या हाती लागू नये म्हणून माळ्यावर टाकला. तिथे आधीच एक घडी करून ठेवलेला पेपर सापडला. जानेवारीतला. ती जाहिरात, तो फोटो. वि.ने कधी ठेवला, का ठेवला, विचारलं नाही. तसाच परत ठेवला. वर अंक.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सरूमावशीला साडी द्यायला गेले. घेतली. "गेलतात म्हनं भाळवनीला." कुणी सांगितलं कुणास ठाऊक. "आन् माघारी आनलीत." मी म्हटलं, जेठात नेणार आहोत. ती म्हणाली, "व्हय, व्हय." साडीची घडी उलगडून काठ बघत राहिली.

ठकूबाई आता घाट उतरली असेल. तिला माहीत नाही की आम्ही गेलो होतो. दोन दिवस थांबली, कुणी आलं नाही, एवढंच तिला माहीत. सात महिने तेवढ्यावरच राहायचंय तिला. पत्र घालावं तर कुठल्या माळाच्या नावाने घालू?

वि.ने नवं कॅलेंडर आणलंय. मी चहा घेऊन गेले तेव्हा जूनचं पान काढून उभा होता. मला बघून जानेवारी केला आणि खिळा शोधायला लागला. खिळा हातातच होता.

चपला पुन्हा उशाशी आल्यात. टोकं दाराकडे. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, पायातलं घुंगरू वर्गात वाजतं, काढून पाठवावे. पाय पुढे कर म्हटलं, तर मागे घेतला. मी जवळ बसले. समजावणार होते, शाळेपुरतं काढू, घरी आलं की परत बांधू. काय वाट्टेल ते समजावता येतं मला.

तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. हळू, नीट, एकेक शब्द सुटा करून, मी शिकवलंय तसं, म्हणाली,

"आई, मेंढ्या आल्या की आई येणार आहे."

विचारत नव्हती. मला सांगून ठेवत होती.

दोरा काढला नाही. चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहायला घेतलंय. 'स.न.वि.वि. घुंगरू काढता येणार नाही, कारण' इथपर्यंत झालंय.